रणगाड्याचा ‘खरा’ रंग कोणता?

मधुमेह, लसीकरण, वैद्यकीय नीतिमत्ता अशा भारदस्त लेखांच्या पंगतीत रणगाड्यांच्या रंगांविषयीचा लेख पाहून काही स्नेह्यांच्या भुवया उंचावतील, याची मला जाणीव आहे. बालरोगतज्ज्ञाने लिहायचेच तर बाळाच्या आहारावर लिहावे, असेही कुणी म्हणेल. परंतु गेली अनेक वर्षे दवाखान्यातून घरी परतल्यावर लष्करी वाहनांच्या छोट्या प्रतिकृती जोडण्यात आणि रंगवण्यात माझा फावला वेळ जातो, आणि या छंदातील एका जुन्या वादाविषयी माझे ठाम मत बनले आहे. ते मत आपल्या व्यवसायालाही लागू पडते असे वाटल्यामुळे हा लेखनप्रपंच.

वाद असा : दुसऱ्या महायुद्धातील अमुक एका रणगाड्याचा नेमका रंग कोणता? एक पक्ष म्हणतो, रंगाला अधिकृत क्रमांक असतो. त्या क्रमांकाची बाटली आणावी, तिच्याहून तसूभरही वेगळी छटा म्हणजे चूक. दुसरा पक्ष म्हणतो, ऐंशी वर्षांपूर्वीचा रंग आज कुणी पाहिला आहे? डोळ्यांना बरा दिसेल तो लावावा. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात. रंग हा बिंदू नसून पट्टा असतो. पण त्या पट्ट्यालाही दोन कडा असतात आणि त्या कडा पुराव्यानेच आखाव्या लागतात.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. रणगाड्यांच्या प्रतिकृतींचे सर्वाधिक प्रचलित प्रमाण १/३५ हे आहे. हे काहीसे विचित्र प्रमाण जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी आपल्या पँथर रणगाड्यासाठी स्वीकारले, ते आत बॅटरीचे सेल मावावेत म्हणून. या प्रमाणात सुमारे ५.८ मीटर लांबीचा अमेरिकन शर्मन साडेसोळा सेंटिमीटरांचा होऊन तळहातावर येतो. प्लॅस्टिकचे भाग जोडणे हे निम्मे काम. उरलेले निम्मे म्हणजे रंग, आणि त्यातही कॅमोफ्लाज, म्हणजेच छद्मावरणाचे रंग. या विद्येतील एक आरंभीचा धडा आपल्याच उपखंडातला आहे. हॅरी लम्सडेनने १८४६ मध्ये पेशावरला उभारलेल्या ‘गाइड्स’ पथकाने मातीच्या रंगाचा गणवेश स्वीकारला आणि ‘खाक’ म्हणजे धूळ या शब्दापासून आलेला ‘खाकी’ जगभर पोचला. पोलिसाची खाकी, शाळेच्या गणवेशाची खाकी आणि जुन्या लष्करी पिशवीची खाकी एकमेकींशेजारी ठेवून पाहा. शब्द एकच, छटा मात्र तीन दिसतील. वादाचे मूळ येथेच आहे.

हा गोंधळ टाळण्यासाठी क्रमांक आले. जर्मनीत १९२५ मध्ये ‘राल’ ही संस्था स्थापन झाली आणि १९२७ मध्ये तिने ४० रंगांची पहिली सूची काढली. कारखानदार आणि गिऱ्हाईक यांनी रंगाचे तुकडे इकडून तिकडे पाठवण्याऐवजी क्रमांक सांगावा, एवढाच त्यामागचा हेतू. अमेरिकेची ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ ही रंगसूची १९५६ ची. म्हणजे महायुद्धातील ‘ऑलिव्ह ड्रॅब’च्या बाटलीवर छापलेला ३४०८७ हा या सूचीतील क्रमांक युद्ध संपल्यानंतर अकरा वर्षांनी अस्तित्वात आला. तो उपयुक्त आहे, पण तो त्या रणगाड्याचा जन्मदाखला नव्हे.

आता प्रत्यक्ष रणभूमीवर काय घडत होते ते पाहू. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने आदेश काढला, की चिलखती वाहनांचा मूळ रंग यापुढे गडद पिवळा राहील आणि त्यावर ऑलिव्ह हिरवा व तांबूस तपकिरी हे दोन रंग तुकड्यांनी परिस्थितीनुसार फवारावेत. हे दोन्ही रंग घट्ट लगद्याच्या स्वरूपात डब्यांतून पुरवले जात. सैनिक ते पेट्रोलने पातळ करीत, पेट्रोल नसेल तेव्हा पाण्याने. कुणाकडे फवारणीयंत्र असे, तर कुणाकडे साधा कुंचला. एकाच डब्यातील लगद्यातून एका रणगाड्यावर दाट शेवाळी पट्टे उमटत, तर शेजारच्या रणगाड्यावर पुसट पोपटी झाक. खुद्द त्या गडद पिवळ्याचा राल क्रमांक आहे ७०२८, आणि राल सूचीत ७००० ची मालिका करड्या रंगांची! ज्या रंगाचे नाव ‘पिवळा’ आणि घराणे ‘करडे’, त्याच्या नेमकेपणावरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅबची कथाही अशीच. हा रंग मुख्यतः पिवळी माती आणि काळा रंग यांच्या मिश्रणातून तयार होई. आपल्याकडील रामरजेत काजळी मिसळून पाहा, चक्क हिरवट छटा दिसेल. हिरवे रंगद्रव्य नसलेला हा ‘हिरवा’ ऊन, धूळ आणि तेल यांनी कधी पिवळसर, कधी तपकिरी होई. ब्रिटनमध्ये तर रंग बदलायला रंगद्रव्याचा तुटवडा कारणीभूत ठरला. हिरव्या रंगासाठी लागणारे क्रोमियम ऑक्साइड अपुरे पडू लागले, म्हणून १९४१ नंतर ब्रिटिश वाहनांचा मूळ रंग तपकिरी झाला आणि १९४४ मध्ये ऑलिव्ह ड्रॅब आला. या बदलामागे सौंदर्यदृष्टी नव्हती, गोदामातील शिल्लक होती.

या सगळ्यात बालरोगतज्ज्ञाला अनोळखी असे काही नाही. आई विचारते, “डॉक्टर, पाच वर्षांच्या मुलाचे वजन किती असायला हवे?” तिला एक आकडा हवा असतो. आपण मात्र तिला वाढीचा तक्ता दाखवतो. त्यावर एक रेषा नसते, अनेक वक्ररेषांचा पट्टा असतो. तिसऱ्या आणि सत्त्याण्णवाव्या शतमकांच्या दरम्यान असलेली दोन मुले शेजारी उभी केली तर एक दांडगे आणि एक किडकिडीत दिसेल, तरीही दोन्ही निरोगी असू शकतात. मधल्या रेषेवर नाही म्हणून मुलाला टॉनिक पाजणारा डॉक्टर जितका चुकतो, तितकाच पट्ट्याच्या बाहेर गेलेल्या मुलाकडे पाहून ‘एकेकाची अंगकाठी असते’ असे म्हणणाराही चुकतो. रणगाड्याच्या रंगालाही असाच तक्ता लावावा, असे माझे म्हणणे आहे. कारखान्यातून निघालेला ताजा रंग ही मधली रेषा. पातळ केलेला, उन्हाने विटलेला, धुळीने माखलेला रंग हे दोन्ही बाजूंचे शतमक. त्या पट्ट्यात बसणाऱ्या कोणत्याही छटेला चूक म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही.

मात्र पट्टा मान्य करणे म्हणजे शिस्त सोडणे नव्हे. पुरावा न तपासता पट्टा आखला तर काय होते, याची दोन उदाहरणे बोलकी आहेत.

पहिले उदाहरण १९३९ च्या पोलंडवरील आक्रमणाचे. त्या मोहिमेतील जर्मन रणगाडे सरसकट गडद करडे होते, असे कित्येक दशके मानले गेले. प्रतिकृतीही तशाच रंगवल्या गेल्या. आधार होता कृष्णधवल छायाचित्रांचा. टॉम जेंट्झ आणि हिलरी डॉइल यांसारख्या संशोधकांनी मूळ कागदपत्रे वाचली तेव्हा निष्पन्न झाले, की १९४० च्या उन्हाळ्यापर्यंत करड्यावर सुमारे एक तृतीयांश भागात गडद तपकिरी रंग लावण्याचा नियम होता. हे दोन्ही रंग इतके गडद आणि उजळपणात इतके जवळचे, की कृष्णधवल फिल्मवर त्यांतील सीमारेषा बहुधा उमटतच नसे. छायाचित्र खोटे नव्हते. त्याला जे विचारले जात होते, त्याचे उत्तर देण्याची त्याची क्षमता नव्हती, इतकेच. प्रत्येक तपासणीची स्वतःची संवेदनक्षमता असते आणि ‘दिसले नाही’ याचा अर्थ ‘नव्हते’ असा होत नाही, हे क्ष-किरण चित्रे पाहणाऱ्या आपल्या मंडळींना वेगळे सांगायला नको.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. डिसेंबर १९४० मध्ये इजिप्तच्या वाळवंटात सिदी बर्रानीच्या लढाईत आपली चौथी भारतीय डिव्हिजन लढली, तेव्हा तिच्या साथीला ब्रिटिशांचे मॅटिल्डा रणगाडे होते. त्या काळात वाळवंटातील ब्रिटिश वाहनांवर तिरप्या सरळ रेषांनी विभागलेले तीन रंग असत. ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. फिकट दगडी, ‘सिल्व्हर ग्रे’ आणि ‘स्लेट’ हे ते तीन रंग. यांतील सिल्व्हर ग्रे हा प्रत्यक्षात हिरवट करडा. परंतु इंग्लंडमधील एका प्रसिद्ध संग्रहालयातील मॅटिल्डावर त्या जागी चक्क आकाशी निळा रंग चढवला गेला. मग प्रतिकृतींच्या खोक्यांवरील चित्रांत तो निळा उतरला, पुस्तकांत गेला आणि जगभरच्या हौशी मंडळींनी इमानाने निळे मॅटिल्डा रंगवले. पुढे माइक स्टार्मर यांनी जुन्या ब्रिटिश रंगप्रमाणांचा चिकाटीने अभ्यास करून तो निळा पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाही हे दाखवून दिले. एका चुकीच्या पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात आणि तिथून परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत जाणारी विधाने वैद्यकातही कमी नाहीत. हजार जणांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे हजार पुरावे होत नाहीत, सर्वांचा स्रोत एक असेल तर पुरावाही एकच.

म्हणून पुराव्याची उतरंड ठरवावी. सर्वांत वर मूळ लेखी आदेश आणि अंधारात जपलेले रंगाचे नमुने. त्याखाली जुन्या वाहनाच्या झाकल्या गेलेल्या भागांवर टिकलेला मूळ थर. त्याखाली रंगीत छायाचित्रे, तीही फिल्मचा रंगदोष लक्षात घेऊन. त्यानंतर पुन्हा रंगवलेली संग्रहालयातील वाहने, आणि शेवटी स्मृती. वृद्ध सैनिकाच्या आठवणीविषयी मला नितांत आदर आहे. परंतु ‘आमचा रणगाडा हिरवा होता’ या वाक्यातून छटा मोजता येत नाही.

आता डोळ्याविषयी. लुगड्यावर ब्लाउजपीस जुळवायला गेलेली कोणतीही मराठी गृहिणी दोन्ही कापडे घेऊन दुकानाच्या दारात उजेडात येते. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात, हे रंगशास्त्रातले तत्त्व तिने अनुभवाने जाणलेले असते. आमच्यातील कित्येक पंडित मात्र रात्री टेबलावरच्या दिव्याखाली छटांचा निवाडा करतात! शिवाय प्रखर उन्हातील प्रकाश एक लाख लक्सच्या घरात जातो, तर दिवाणखान्यातील काहीशे लक्स. प्रकाश कमी झाला, की तोच रंग अधिक गडद आणि निस्तेज भासतो. त्यामुळे खऱ्या रणगाड्याचा अगदी मूळ रंग आणून प्रतिकृतीला लावला, तरी ती घरात काळवंडलेली दिसते. यावर उपाय म्हणून अमुक टक्के पांढरा मिसळावा अशी कोष्टके सांगितली जातात. माझ्या मते ती आंधळेपणाने वापरू नयेत. पांढऱ्याने ऑलिव्ह ड्रॅब खडूसारखा होतो; तो उजळायचा तर पिवळसर किंवा बदामी रंग मिसळणे अधिक चांगले.

माझी पद्धत सांगतो. प्रतिकृतीवर जो अस्तराचा रंग दिला असेल तोच एका कार्डावर द्यावा. त्यावर तीन-चार मिश्रणांचे पट्टे ओढावेत, कोणते रंग किती थेंब घेतले ते पेन्सिलीने शेजारी लिहावे आणि कार्ड एक दिवस वाळू द्यावे, कारण अॅक्रिलिक रंग वाळल्यावर गडद होतो. मग त्यावर प्रतिकृतीला देणार तोच मॅट व्हार्निशचा हात द्यावा आणि कार्ड दोनदा पाहावे, एकदा खिडकीशी सकाळच्या उजेडात आणि एकदा जिथे प्रतिकृती ठेवायची आहे त्या कपाटात. दोन्हीकडे पट्ट्यात बसणारी छटा निवडावी. त्यासाठी महागड्या परदेशी बाटल्यांची गरज नाही. चित्रकाराच्या दुकानातील पिवळी माती, काळा, तपकिरी आणि पांढरा यांतून बहुतेक सारे रणगाडे उभे राहतात.

नवजात बाळाची कावीळ पाहताना आपण याहून वेगळे काय करतो? पिवळ्या पडद्यांच्या खोलीत, पिवळ्या दिव्याखाली बाळ पाहून मत देऊ नये; खिडकीशी न्यावे, त्वचा दाबून सोडावी आणि शंका असेल तर बिलिरुबिन मोजावे. क्रेमर यांनी १९६९ मध्ये मांडलेली, कावीळ डोक्याकडून पायांकडे उतरत जाण्याची पायरी आपण सारे शिकलो; पण केवळ डोळ्यांच्या अंदाजावर विसंबून राहणे सुरक्षित नाही, हेही आपण शिकलो आहोत. ज्यांना रंग जुळवणे हा निव्वळ रिकामटेकडेपणा वाटतो, त्यांनी तान्ह्या बाळांच्या शौचाच्या रंगाचे कार्ड आठवावे. पित्तवाहिनी बंद असलेल्या बाळाची शी फिकट, मातकट पांढरी होते. ती छापील रंगांशी ताडून पाहण्याचे कार्ड तैवानने २००४ पासून देशभर प्रत्येक बाळाच्या आईच्या हाती दिले. कसाई यांची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर यश मिळण्याची शक्यता अधिक असते. त्या कार्डावरील फिकट पिवळा छापखान्यात चुकून थोडा गडद उमटला, तर आई चुकीच्या चौकटीवर बोट ठेवील. रंगाचा पट्टा कुठे संपतो, हा प्रश्न तेव्हा छंदाचा राहत नाही.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. मुलांच्या डॉक्टरला युद्धाच्या वाहनांचे प्रेम कशासाठी? माझे उत्तर असे, की छद्मावरणाचा रंग पराक्रमाहून भीतीचा इतिहास अधिक सांगतो. त्या पोलादी पेटीत बसलेली विशी-बाविशीतली पोरे कुणाला दिसू नयेत म्हणून तो फासलेला असे. प्रतिकृती रंगवणारा त्या पोरांचा विसर पडू देत नसेल, तर त्याच्या हातून युद्धाचे उदात्तीकरण होणार नाही.

आता मूळ आग्रहाकडे येतो. जर्मन आणि अमेरिकन रणगाड्यांच्या छटांवर ग्रंथ झाले. आपल्या वाहनांचे काय? दुसऱ्या महायुद्धात कॅनडातून आलेल्या फोर्डच्या सांगाड्यांवर टाटांचे पोलाद चढवून भारतात हजारो चिलखती ‘व्हील्ड कॅरिअर’ तयार झाले. ‘टाटानगर’ हे त्यांचे लोकप्रिय नाव. ते आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेशापर्यंत गेले. पण त्यांच्या रंगांविषयी माहिती शोधणाऱ्याच्या हाती फार थोडे लागते. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये १९९४ पासून मोलाचा संग्रह जनतेला पाहायला मिळतो आहे. देशातील अनेक चौकांत १९६५ च्या युद्धात हाती आलेले पॅटन आणि निवृत्त झालेले विजयंत उभे आहेत. आदरापोटी त्यांना वेळोवेळी चकचकीत इनॅमलचा नवा हात दिला जातो. भावना चांगली आहे, पण रंग देण्यापूर्वी जुना थर खरवडून काढला, तर त्या वाहनाचा केसपेपर आपण फाडतो.

यावर उपाय आपल्यासारख्यांना सहज सुचावा असा आहे. बायॉप्सी! संबंधित अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घेऊन, झाकणाच्या आतील किंवा पट्टीखालील कोपऱ्यातून नखाएवढा रंगाचा पापुद्रा काढावा, राळेत बसवून घासावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. अस्तरापासून वरच्या हातापर्यंत सारे थर ऊतींच्या थरांसारखे एकाखाली एक दिसतात. जुन्या कलावस्तूंचे जतन करणारे तज्ज्ञ हेच करतात. आपल्यापैकी विकृतिशास्त्राचे अनेक सन्मित्र या कामात मदत करू शकतील. एक सूचना बालरोगतज्ज्ञ म्हणून : जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये, तोंडाला मास्क लावावा आणि मुलांना दूर ठेवावे. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्या देशात २०१७ मध्ये लागू झाली, त्याआधीच्या रंगांचा भरवसा धरू नये.

दुसरे काम याहून सोपे आहे. आपले बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राचे गाव. येथील कितीतरी मराठी घरांत आजोबांची, काकांची लष्करातील छायाचित्रे, पत्रे, एखादी रंगवलेली पेटी पडून आहे. आपल्याकडे रुग्ण म्हणून येणाऱ्या वृद्ध जवानांना रक्तदाब मोजताना दोन प्रश्न विचारावेत : गाडी कोणती होती, आणि तिच्यावर पट्टे होते का? छायाचित्राच्या मागे साल, ठिकाण आणि पलटण लिहून ठेवावी, पेटी नव्याने रंगवू नये. एकट्या आठवणीवर छटा ठरत नाही हे वर म्हटलेच आहे. परंतु आठवण, छायाचित्र आणि रंगाचा पापुद्रा ही तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवू लागली, की पट्ट्याच्या कडा आखता येतात.

रंगाच्या बाटलीवरील क्रमांक हा अभ्यासाचा आरंभ आहे, निकाल नव्हे. जो तो क्रमांक वाचून थांबतो आणि जो तो वाचतच नाही, ते दोघेही सारखेच अर्ध्या वाटेवर राहतात. ज्या सुजाण वाचकांच्या घरी असे एखादे छायाचित्र वा पेटी असेल, त्यांनी ती निदान पुढच्या साफसफाईपासून वाचवावी, एवढीच विनंती.